मोहाचा हंगाम आणि मार्चअखेर

बाहेरून अनुदान मिळवून विद्यापीठात संशोधनप्रकल्प चालविणाऱ्या माणसाला लोक संशोधक समजतात, आणि मंजुरीपत्र हाती येईपर्यंत त्याची स्वतःचीही तशीच समजूत असते. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनात बरीच वर्षे घालविल्यानंतर, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील गौण वनोपजांचे उत्पादन व त्यांचे संकलन यांचा तीन वर्षांचा अभ्यास करण्याचा जो प्रस्ताव मी दिल्लीच्या एका अनुदानदात्या संस्थेकडे पाठविला होता, तो मंजूर झाल्याचे कळले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मोह, तेंदू, हिरडा, चारोळी आणि बांबू यांखेरीज दुसरे काही उभे राहिले नाही. पत्रात मात्र या वनस्पतींचा उल्लेख पहिल्या परिच्छेदापुरताच होता. उरलेली पाने लेखाशीर्षे, हप्ते, मुदती आणि उपयोगिता प्रमाणपत्राचे नमुने यांनी व्यापलेली होती.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला आणि या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. तत्पूर्वी इकडच्या महाविद्यालयांचे कागद नागपूरच्या वाटेने जात असत. आपल्या भागाचे विद्यापीठ आपल्याच भागात असणे ही गोष्ट प्रकल्प चालविणाऱ्याला किती सोयीची वाटते, हे ज्याने एका सहीसाठी एसटीच्या खिडकीशी बसून दिवस घालविला आहे त्यालाच कळावे.

सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याचा पुरता अर्थ मोहाच्या झाडाखाली उभे राहिल्यावाचून उमगत नाही. मोहाची फुले साधारणतः मार्चच्या मध्यापासून गळू लागतात. रात्री गळालेली फुले झुंजुमुंजू होताच बायकामुले टोपल्यांत वेचतात, ती अंगणात वाळत पडतात, आणि एप्रिल सरता सरता सारा बहर ओसरतो. प्रत्येक झाडाखालचे उत्पन्न ज्याला तोलून पाहावयाचे आहे, त्याने हे चार-सहा आठवडे गावातच मुक्काम ठेवला पाहिजे. नेमके हेच आठवडे लेखाविभागाच्या वर्षअखेरीचे! मागील तसलमात भागविल्यावाचून नवी मिळत नाही, मार्चच्या उत्तरार्धात नवी देयके सहसा घेतली जात नाहीत, आणि एप्रिल उजाडला की नव्या वर्षाची तरतूद यावयाची असते. पुढील हप्ता मागील वर्षाच्या लेखापरीक्षित हिशेबावर अवलंबून असल्यामुळे तो उन्हाळाभर वाटेतच राहतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येऊन जातो, सत्तर-सत्तर पानांचे पुडे फळीवर मोजले जातात, व्यापाऱ्यांच्या गाड्या भरून निघून जातात. आणि मग पैसा पोचतो तेव्हा पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडची वाट बंद झालेली असते.

अलीकडे केंद्र सरकारच्या अनेक योजनांत तर रक्कम संस्थेच्या खात्यात येऊन पडतच नाही. शून्य शिल्लकीचे खाते उघडून त्यावर खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते आणि न वापरलेली मर्यादा वर्षअखेरीस लोप पावते. जुन्या पद्धतीत निदान शिल्लक पुढे ओढण्याची परवानगी मागता येत असे. सरकारचा पैसा निरनिराळ्या बँकांत निजून राहू नये, हा नव्या व्यवस्थेमागील हेतू रास्तच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. फुलांनी मात्र तो हेतू अद्याप ध्यानात घेतलेला नाही.

या पेचातून मार्ग काढला तो आमच्या लेखाधिकाऱ्यांनी. पुस्तकी संशोधक ज्यांना कागदांचे राखणदार म्हणून हिणवतो, अशांपैकी ते एक गृहस्थ. परंतु नियमांच्या जंगलात त्यांना जेवढ्या पायवाटा ठाऊक होत्या तेवढ्या मला आमचे काम चालले त्या धानोरा तालुक्याच्या जंगलातही ठाऊक नव्हत्या. रोजंदारी ही आकस्मिक खर्चात मोडते आणि मार्चअखेर थांबते. मासिक मानधन हे मनुष्यबळाच्या शीर्षाखाली येते आणि मार्चचे मानधन एप्रिलमध्ये देय होते, एवढे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. तेव्हा फुले तोलण्याचे काम आम्ही रोजाने न देता गावातीलच शिकलेल्या तरुणांना क्षेत्रसहायक नेमून हजेरीपटावर घेतले, तराजू आणि ताडपत्र्या जानेवारीतच खरेदी केल्या, आणि मोहाचा हंगाम वर्षांच्या सांध्यावरून सुखरूप पार नेला. संशोधनपद्धतीच्या ग्रंथांत या युक्तीचा उल्लेख नसतो. माझ्या मते त्या ग्रंथांतील निम्म्या प्रकरणांपेक्षा ती अधिक उपयोगाची आहे.

लेखाशीर्ष ही वस्तू दिसते तितकी निरुपद्रवी नाही. बांबूचेच पाहा. वनस्पतिशास्त्र त्याला गवताच्या कुळात घालते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याची गणना झाडांत केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज ठरविले. बांबू जागचा हलला नाही, परंतु तो ज्या शीर्षाखाली पडला त्यावरून तो कुणी तोडावा आणि त्याचा पैसा कुणाच्या गाठीस लागावा हे ठरत गेले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले, तरी वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यावयास २०११ साल उजाडले. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने तराजू हे ‘उपकरण’ की ‘उपभोग्य वस्तू’ या वादाला हसू नये. तो उपकरण ठरला, त्याची जडसंग्रह नोंदवहीत रीतसर नोंद झाली, आणि त्या नोंदीचे पुढे काय झाले ते सांगतोच.

पावत्यांचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. ज्या गावात खानावळ नाही तेथील भोजनाची पावती, आणि ज्या घराच्या धन्याने पैसे घेण्याचे साफ नाकारले त्या घरातील निवासाचे देयक, लेखापरीक्षकांनी मागितले. दोहोंच्या जागी मी सरपंचाचा दाखला जोडला. तो मान्य झाला, परंतु त्यावर जावक क्रमांक नसल्याचा शेरा पडला.

हिशेबाची खरी तपासणी झाली ती निराळ्याच ठिकाणी. धानोरा तालुक्यातील ज्या गावात आमचे काम चालले होते, तेथे तेंदूपत्ता आणि बांबू यांच्या विक्रीचा जमाखर्च ग्रामसभेत सर्वांसमक्ष वाचून दाखविण्याची रीत आहे. कुणाला किती मजुरी मिळाली, व्यापाऱ्याकडे किती थकले, गावनिधीत किती राहिले, हे सारे ऐकत माणसे तासन्‌तास बसतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मी तेथे आमच्या नोंदी सांगावयास गेलो असता एका वृद्ध बाईने मला मध्येच थांबवून विचारले, “सर, आमच्या गावाच्या नावानं किती पैसा आला जी?” मी शीर्षवार आकडे वाचून दाखविले. मानधन, प्रवास, उपकरणे, आकस्मिक, संस्थेचा वरखर्च. सभा स्तब्धपणे ऐकत होती. मग त्याच बाई म्हणाल्या, “गाडीवाल्याले एवढे, अन् फुलं वेचनाऱ्याले एवढेच?”

दिल्लीच्या छाननी समितीने तो प्रश्न विचारला नव्हता, विद्यापीठाच्या लेखापरीक्षकांनीही नाही. त्यांच्या कसोट्यांना आमचा हिशेब पुरेपूर उतरला होता, कारण खर्च मंजूर शीर्षात, मंजूर मुदतीत आणि मंजूर दराने झाला आहे की नाही एवढेच त्या कसोट्या पाहतात. जिच्या अंगणातील फुले तोलली गेली ती व्यक्ती हिशेब ऐकावयास समोर बसली आहे, असा प्रसंग आमच्या व्यवस्थेत उद्भवतच नाही. मला विचाराल तर त्या गावाचा जमाखर्च आमच्याहून अधिक कडक शिस्तीचा आहे.

दुसऱ्या वर्षी मी प्रवासखर्चातून काही रक्कम मानधनाकडे वळविण्यासाठी पुनर्विनियोजनाचा अर्ज केला. त्यात कारण म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडला, आणि पुष्कळ पत्रव्यवहारानंतर मंजुरी मिळाली. त्याच ठरावान्वये नोंदींच्या वह्यांची एक प्रत मराठीत गावाकडे राहू लागली. अहवालाच्या नमुन्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता, म्हणून ती परिशिष्टात घातली.

प्रकल्प संपला तेव्हा उपयोगिता प्रमाणपत्र गेले, आणि प्रारंभीच्या हप्त्यावर बँकेने दिलेले व्याज नियमाप्रमाणे परत गेले. तराजूंचा प्रश्न तेवढा उरला. मोहफुले विकताना व्यापाऱ्याचे माप पडताळून पाहावयास ते गावाला हवे होते, आणि नोंदवहीनुसार ते विद्यापीठाच्या भांडारात असावयास हवे होते. ते निर्लेखित करावेत तर धडधाकट उपकरण निर्लेखित करता येत नाही; गावाला द्यावेत तर तशी तरतूद नाही. तेव्हा दरवर्षी जडसंग्रहाच्या पडताळणीच्या वेळी मी त्यांच्यापुढे ‘क्षेत्रीय वापरात’ असा शेरा लिहितो, लेखाधिकारी चष्मा वर करून माझ्याकडे पाहतात, आणि त्याखाली सही करतात.