मुक्तागिरीच्या वाटेवरील बहार

अमरावतीहून मुक्तागिरीच्या बावन्न जिनालयांच्या दर्शनास निघालेल्या यात्रिकांना फेब्रुवारीत परतवाड्याच्या शिवारात संत्र्याच्या पांढऱ्या फुलांचा सुगंध भेटतो. हा आंबिया बहार.

तो आपसूक येत नाही. डिसेंबरात बागाईतदार ओलित बंद करतो. ताण आणि थंडी यांनी झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, साठलेले अन्न कळीच्या कामी येते. मग जानेवारीत पाणी दिले की फूल निघते. ऐन ताणात अवकाळी पाऊस झाला, तर मात्र नुसती पालवी फुटते. अकोल्याकडील खोल काळ्या जमिनीत ओल लवकर आटत नाही. तेथे ताण बसायलाच अधिक दिवस लागतात. कन्नौजच्या अत्तराचा गुलाबही हवेच्या असाच अधीन! ऊन चढण्यापूर्वी तो खुडला नाही, तर तेल उडून जाते.

वऱ्हाडात व्यापारी उभ्या बागेचाच सौदा करतात. फूल कितीही दाट असले तरी त्यातील बहुतेक गळते आणि एप्रिल-मेच्या उन्हात कोवळी फळेही झडतात. म्हणून जाणता व्यापारी सुगंधावर इसार देत नाही. फळ फांदीवर ठरेपर्यंत तो बागेत फेऱ्या घालीत राहतो.