सरकी

माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडे, सासर अलीकडे. मधे एक पूल आणि दोन राज्यांची हद्द. रस्ता तासाभराचा, तरी माहेरची माणसं फोनवर विचारतात, "काय गं, परमुलखात कसं चाललंय?" आमच्या घरातल्या जुन्या माणसांना याची गंमत वाटते. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचना झाली, ते दोन्ही तिकडे गेले आणि आमचं घर इकडे राहिलं. आमच्या गल्लीत आजही मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच नळावर पाणी भरतात. परमुलूख म्हणावा तर हा असा.

सरकी आली ती मात्र खरोखर परमुलखात आल्यासारखी. डिसेंबरचे दिवस होते, कापसाचा हंगाम ऐन भरात होता. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे, पारा सहज एक आकडी होतो. एका जिनिंगच्या मागे बारदानाच्या ढिगात कुत्रीनं पिल्लं घातली होती. आई रस्त्यावर गाडीखाली गेली. तीन पिल्लं हमालांनी घरी नेली. चौथं कुणाच्या हातीच लागेना. माणूस दिसला की ढिगात आत आत शिरायचं. आमच्या ह्यांनी दोन दिवस खटपट करून त्याला धरलं आणि बारदानासकट घरी आणलं. रंग थेट सरकीसारखा, म्हणून नाव सरकी.

सासूबाई दारातच म्हणाल्या, "कायले आनलं वं हे घरात?" मी काही बोलायच्या आधी लेकीनं देवघराकडे बोट दाखवलं. सासूबाई दरवर्षी माहूरला जातात. तिथून आणलेल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री बसलेली. "आजी, मग हे काय?" सासूबाईंनी तसबिरीकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या. आमच्या घरात यालाच संमती म्हणतात.

पशुवैद्यांनी दात पाहून वय आठ-नऊ आठवडे सांगितलं आणि एक गोष्ट नीट समजावली. कुत्र्याच्या पिल्लाचा माणसांशी, आवाजांशी ओळख करून घेण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. अमेरिकेत या विषयावर मोठं काम झालं आहे. चौदा आठवडे माणसाचा संबंधच न आलेली पिल्लं पुढे जवळपास रानटी राहिली, हा प्रयोग १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला होता. म्हणजे आमच्या हातात जेमतेम पाच आठवडे होते. अडचण अशी, की पार्व्होसारख्या रोगांच्या लसींचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत सोडायचं नाही. जग दाखवायचं, पण पाय टेकू द्यायचे नाहीत!

पण जग दाखवणार कसं? सरकी दिवाणाखालून बाहेर यायलाच तयार नव्हती. हाक मारली की आणखी मागे सरकायची. हात पुढे केला की अंग चोरून थरथरायची. लेकीला वाटायचं, उचलून छातीशी धरलं की शांत होईल. पशुवैद्य म्हणाले, "तिला उचलू नका. तिच्याकडे पाठ करून बसा." मग आम्ही आळीपाळीनं दिवाणाकडे पाठ करून बसू लागलो. लेक अभ्यास करायची, मी भाजी निवडायची. मागे न बघता भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण टाकायचा, आणि तो उचलल्याचा आवाज आला तरी वळायचं नाही. हे सगळ्यात अवघड. लेकीनं फरशीवर खडूनं खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी नाक पहिल्या फरशीपर्यंत आलं, सहाव्या दिवशी दुसऱ्या. मग वरच्या घरात कुणीतरी पलंग ओढला आणि सरकी परत भिंतीला जाऊन चिकटली.

दहाव्या दिवशी शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. त्याचा चेंडू दिवाणाखाली गेला आणि त्यानं हात आत घातला. सरकी चावली. दोनच थेंब रक्त आलं, पण रक्त आलं. सरकी रेबीजच्या लसीच्या वयाची अजून झाली नव्हती आणि तिच्या आईबद्दल काहीच माहिती नव्हती. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुतला. मी घड्याळाकडे बघत होते आणि मुलगा रडत होता. मग सरकारी दवाखाना. रक्त आलेलं म्हणून जखमेभोवती सीरम टोचलं, पहिली लस त्याच दिवशी, पुढच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पिल्लू चावलं तर काही होत नाही, असं गावात अजूनही म्हणतात. ते साफ खोटं आहे.

डॉक्टरांनी सरकीवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं. चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल, तर ते कुत्रं तेवढ्या दिवसांत आजारी पडतं, मरतं. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. सासरे म्हणाले, "दहा दिवस झाले की परत जिनिंगला सोडून या. शेजाऱ्यांशी चाळीस वर्षांचे संबंध आहेत." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लेक रडली, ह्यांनी मान खाली घातली. मी शेजारी गेले, काय बोलायचं ते न ठरवताच.

मुलाच्या नानम्मा ओट्यावर बसल्या होत्या. माझं तेलुगू अजूनही बाजारापुरतंच. मी शब्द जुळवत असतानाच त्या म्हणाल्या, "दानिकि भयं, अंते." तिला भीती वाटते, एवढंच. मग मला बसवून त्यांनी बरंच काही सांगितलं. त्यातलं मला अर्धं कळलं. लग्न होऊन या गल्लीत आल्यावर त्यांना शेजारणींचं मराठी कळायचं नाही. कुणी मोठ्यानं बोललं की रागावतायत असं वाटायचं, म्हणून त्या स्वयंपाकघराबाहेर येत नसत. हे सांगताना त्या हसत होत्या.

ते दहा दिवस मी रोज सकाळी आधी दिवाणाखाली वाकायची. सरकी पाणी पिते का, तोंडातून लाळ गळते का, बघायची. अकराव्या दिवशी ती ठणठणीत होती. त्या दिवशी तिला सोडून येण्याची गोष्ट कुणी काढली नाही, सासऱ्यांनीही नाही. बारा आठवड्यांची झाल्यावर तिला रेबीजची लस दिली.

त्यानंतर सरकीची सहल सुरू झाली. भाजीच्या पिशवीत जुना टॉवेल, त्यात सरकी, आणि मी स्कूटरवर मागे. रेल्वे फाटकापासून लांब थांबायचं, नंदीग्राम एक्सप्रेस जाऊ द्यायची. बसस्टँडच्या कडेला पाच मिनिटं. ती थरथरायला लागली की परत घरी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांची गर्दी झाली, तेव्हा ती पहिल्यांदा स्वतःहून मधल्या दारापर्यंत आली. सगळ्या "यू यू" करू लागल्या. नानम्मा तेवढ्या शांतपणे "रा, रा" म्हणाल्या आणि दुसरीकडे बघत राहिल्या. सरकी त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

कुत्र्याला भाषा कळते का, याचं मला तेव्हापासून कुतूहल होतं. लॉरा कुआया ही संशोधक मेक्सिकोहून बुडापेस्टला राहायला गेली, तेव्हा आपला कुत्राही घेऊन गेली. भोवतालची भाषा बदलल्याचं त्याला कळत असेल का, हा तिचा प्रश्न. तिनं आणि सहकाऱ्यांनी १८ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निवांत पडून राहायला शिकवलं आणि 'द लिटल प्रिन्स'मधला मजकूर स्पॅनिश आणि हंगेरियनमधून ऐकवला. ओळखीच्या आणि अनोळखी भाषेला त्यांच्या मेंदूनं वेगवेगळा प्रतिसाद दिला. वयानं मोठ्या कुत्र्यांमध्ये हा फरक जास्त स्पष्ट होता. हा शोधनिबंध २०२२ सालचा आहे. तो वाचून मला नानम्मांचं स्वयंपाकघर आठवलं.

सरकी आता वर्षाची होईल. नसबंदी झाली, टाके सुकले. अजूनही कुणी चादर झटकली की ती दिवाणाखाली जाते, आणि दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा चार दिवस मागच्या खोलीत खिडक्या लावून रेडिओ लावावा लागला. जिनिंगवर अजून पिल्लं होतात आणि लोक मला फोन करतात. न्यायच्या आधी दोन महिने रोज घरी कोण असणार ते ठरवा, एवढं मी त्यांना सांगते. काहींना ते आवडत नाही.

शेजारचा मुलगा आता रोज संध्याकाळी तिला शिकवायला येतो. 'कूर्चो' म्हटलं की ती बसते. आमच्या 'बस'ला मात्र तोंडाकडे बघत उभी राहते. परवा सासूबाई देवघरासमोर वाती वळत होत्या आणि सरकी मधे मधे येत होती. त्या दोनदा 'बस' म्हणाल्या, तिसऱ्यांदा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "कूर्चो वं माय."