खिंड किती वेळ धरायची?

चौथीच्या पुस्तकातला पन्हाळ्याचा वेढा जवळ आला की मी वर्गशिक्षिकेकडून तो धडा मैदानासाठी मागून घेते. कल्याणजवळच्या मोहन्यातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. शिवछत्रपतींची गोष्ट मुलं घरूनच ऐकून आलेली असतात. ‘बाजीप्रभूंनी काय केलं?’ असं विचारलं तर सगळा वर्ग हात वर करतो. ‘खिंडीतच का थांबले? मोकळ्यावर का नाही लढले?’ असं विचारलं की हात खाली येतात. शौर्य पाठ असतं, त्यामागचा विचार हाती लागलेला नसतो. आणि तो विचार पायांना फार लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

वेढ्यासाठी मी आट्यापाट्यांचं मैदान घेते. फक्की मारून पाट्या आखायच्या आणि प्रत्येक पाटीवर एक पहारेकरी उभा करायचा. त्याने आपली रेघ सोडायची नाही. आतल्या मुलांनी बाहेर पडायचं. पाटीवरचे गडी जागे असले की कोंडी फुटत नाही, हे दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं. मग मी एक नियम वाढवते. गडावरून शरणागतीचा निरोप आला, म्हणून निम्म्या पहारेकऱ्यांनी खाली बसायचं. 1660 च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा होता. आषाढातला पाऊस होता आणि तहाच्या बोलण्याने पहारा ढिला पडला होता. तेवढ्यात दोन मुलं डोक्याला सारखाच लाल रुमाल बांधून दोन बाजूंनी सुटतात. पहारेकऱ्यांना एकाच्याच मागे जायची परवानगी असते. एकदा पकडली गेलेली मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, मला धरलं म्हणजे मी हरले ना?” उत्तर मी दिलं नाही. दुसऱ्या टोकाला पोचलेला मुलगाच ओरडला, “तुला धरलं म्हणून तर मी सुटलो!” शिवा काशीद कोण होता, हे त्या वर्गाला वेगळं सांगावं लागलं नाही.

पावनखिंडीचा खेळ मात्र खरा कसाचा. दोन रेघांमध्ये चार-पाच मुलं जेमतेम मावतील एवढी वाट ठेवायची. प्रत्येकाच्या कमरेला एक रिबीन खोचलेली. खिंड धरणाऱ्याची रिबीन गेली की तो बाद, पुन्हा उठायचं नाही. चाल करून येणाऱ्याची गेली तर त्याने मागच्या रेघेपर्यंत जायचं, नवी रिबीन खोचायची आणि पुन्हा यायचं. तिकडे तीन-चार मुलं मैदानाला फेऱ्या मारत असतात. ती विशाळगडाकडे निघालेली माणसं. त्यांच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की शाळेचा ढोल वाजतो. ढोल म्हणजे गडावरची तोफ.

नियम मुद्दाम असे ठेवले आहेत की खिंडीतल्यांना समोरचे संपवता येतच नाहीत. जिंकायचा एकच रस्ता उरतो, ढोल वाजेपर्यंत टिकायचं. पहिल्या डावात वर्गातली धिटाईची पोरं दणादण पुढे धावतात, दोन-तीन रिबिनी ओढतात आणि चहूकडून घेरली जाऊन बाद होतात. खिंड उघडी पडते. ढोल वाजायला अजून पुष्कळ अवकाश असतो. मी शिट्टी मारते, त्यांना गोल करून बसवते आणि गप्प राहते. वाद घालायला त्यांना माझी गरज नसते. ‘तू कशाला पुढे गेलास?’ इथून सुरू होऊन ते ‘पुढे जायचंच नाही, जागा धरायची’ इथवर येतात. दुसऱ्या डावात ती खांद्याला खांदा लावून उभी राहतात. अरुंद वाटेत समोरचे कितीही असले तरी एका वेळी चार-पाचच येऊ शकतात, हे त्यांना दिसतं. डाव संपल्यावर मी विचारते, “कोण जिंकलं?” बाद झालेली सगळी मुलं रेघेबाहेर बसलेली असतात आणि तरी हात वर करतात.

खिंडीचा निकाल वेळेत मोजायचा असतो, माणसांत नाही. हे नऊ वर्षांच्या मुलाला कळलं, तर मी माझा तास सार्थकी लागला असं समजते. भाले-तलवारी, फेटे आणि घोषणा यांनी संमेलन चांगलं होतं, पण त्याने इतिहास शिकवला जातो असं मला वाटत नाही. त्या काळच्या माणसांपुढे जी अडचण होती, ती खेळाच्या नियमात उतरली पाहिजे. नियम चुकीचा असेल तर इतिहासही चुकीचा शिकवला जातो.

म्हणूनच बाजूंची नावं मी फार जपून ठेवते. ‘गडावरचे’ आणि ‘वेढा घालणारे’, एवढंच. आणि डावागणिक बाजू बदलायच्याच. कोणत्याही मुलाने कायम शत्रू व्हायचं नाही. एनआरसीच्या कारखान्यामुळे मोहन्यात ठिकठिकाणची माणसं येऊन राहिली; 2009 मध्ये कारखाना बंद पडला, पण पुष्कळ घरं इथेच राहिली. माझ्या रांगेत सगळ्या जातिधर्मांची मुलं आहेत. त्यांना मी आवर्जून सांगते, की पन्हाळ्याचा हा वेढा उठवायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलालही गेला होता आणि त्याचा मुलगा त्या लढाईत शत्रूच्या हाती सापडला.

कल्याणचा धडा आला की उल्हास नदीच उपयोगी पडते. जिचं पाणी मोहन्याच्या बंधाऱ्याजवळून शहरासाठी उचललं जातं, तीच खाली दुर्गाडीपाशी खाडी होते. 1657 च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत आरमाराची सुरुवात झाली. खेळ सोपा: लांब शिट्टी म्हणजे भरती, तेव्हाच गलबतांनी पळायचं, दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे ओहोटी, असेल तिथे थांबायचं. किनाऱ्यावरच्या गड्यांना फक्त ओहोटीत हलता येतं. दुर्गाडीचा किल्ला खाडीच्या काठावर का बांधला, हे मुलं खेळताखेळताच ओळखतात.

दांडीयात्रेत शर्यत नाही, नुसतं चालणं. साबरमतीहून 12 मार्च 1930 ला निघून गांधीजी 78 सहकाऱ्यांसह 24 दिवसांत साधारण 385 किलोमीटर चालले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. दोनशे मीटरच्या मैदानाला चाळीस मुलांनी रोज दोन-दोन फेऱ्या मारल्या तर सगळ्यांचे मिळून 16 किलोमीटर होतात, आणि 24 दिवसांत वर्ग दांडीला पोचतो. रोजचा मुक्काम मुलं नकाशावर टिकली लावून दाखवतात. गणिताच्या बाईंनाही हा धडा आवडतो.

काही धडे मात्र मी मैदानावर नेत नाही. जालियनवाला बागेचा खेळ होऊ शकत नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायला गेली, त्याचाही नाही. ज्या प्रसंगात कुणाचा तरी अपमान आहे, तो प्रसंग मुलाच्या वाट्याला भूमिका म्हणून देऊ नये. अजाणतेपणी आपण तो अपमान पुन्हा घडवतो. त्या दिवशी आम्ही झाडाखाली बसून वाचतो आणि बोलतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशी खेळांची इतर विषयांशी सांगड घालायला सांगितलं आहे. शाळांमध्ये मात्र परीक्षा जवळ आली की पहिला बळी पी.टी.च्या तासाचा जातो, तोही बऱ्याचदा मागे पडलेला इतिहास पुरा करायला. माझी शिक्षक मित्रमैत्रिणींना विनंती आहे: तो तास घेऊ नका, तासाला या. पुस्तक घेऊन मैदानावर या, धड्यातली अडचण कोणती ते मला सांगा, फक्कीचा डबा मी काढून ठेवते.