तीन व्होल्ट कुठे गेले

गाडी पूर्ण बंद पडत नव्हती, हाच खरा ताप होता. बंद पडली असती तर कुणीही टेस्ट लॅम्प लावून दोष शोधला असता. आमची जुनी पेट्रोल गाडी बडोद्यात दांडिया बाजारातून रावपुऱ्यात, तिथून सूरसागरला वळसा घालून परत, अशी मुकाट फिरायची. सिग्नलला आयडलिंग छान, एसी लावला तरी कुरकुर नाही. पण हायवेला लागून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके. पावागडला माचीपर्यंतच्या चढावर तर मागचे रिक्षावालेही हॉर्न वाजवून पुढे जायचे. पाय उचलला की गाडी पुन्हा शहाणी.

गॅरेजवाल्याने ऐकता क्षणी निकाल दिला, "बेन, पंप ज गयो छे." पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. नवा आणला, बसवला, बिल चुकतं केलं. झटके तसेच. मग फिल्टर, मग प्लग. तिसऱ्यांदा त्याने इंजेक्टर साफ करायचा विषय काढला, तेव्हा मी मल्टिमीटर बाहेर काढला. शाळेत भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात उमर गेली आहे. न मोजता वस्तू बदलत जाणं मुलींनाही कधी करू दिलं नाही.

मागची सीट काढली की आमच्या गाडीत टाकीवरचं गोल झाकण दिसतं आणि त्यात पंपाचा कपलर. टाकीशेजारचं काम, त्यामुळे गाडी उघड्यावर, दारं सताड उघडी, जवळपास कुणाची विडी नाही. कपलर न काढता त्याच्या पाठीमागून दोन टाचण्या आत सरकवल्या आणि इंजिन चालू ठेवून वाचन घेतलं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. पंपावर १०.६. मधले तीन व्होल्ट वाटेतच खर्च होत होते.

झटक्यांचं कोडं एवढ्यावर सुटतं. अशा इंजेक्शनच्या गाडीत पंपाला साधारण तीन बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलायचं असतं. व्होल्टेज कमी म्हणजे मोटर हळू, मोटर हळू म्हणजे पेट्रोल कमी. आयडलिंगला इंजिनला लागतं घोटभर, तेवढं मिळतं. चढावर मागणी वाढते आणि पंप कमी पडतो. बिचारा नवा पंप उपाशीपोटी राबत होता, आणि गॅरेजवाला त्यालाच आळशी ठरवायला निघाला होता.

आता तीन व्होल्ट नेमके कुठे जातात ते पाहायचं. त्यासाठी मीटरची एक तार लांब करून घ्यावी लागते. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लसला, पंप चालू. मीटरने २.१ व्होल्ट दाखवले. मग बॅटरीचा मायनस ते पंपाचा मायनस: १.१. बहुतेक लोक पहिली बाजू तपासतात आणि थांबतात. अर्थिंग म्हणजे काय, बॉडीला लावलेली काळी वायर, ती कशाला बिघडेल, असा समज असतो. इथे एकतृतीयांश चोरी तिचीच होती.

फ्यूज काढून त्या जागी मीटर घातला तर पंप ६ अँपिअरच्या आसपास करंट घेत होता. कंपनीची मूळ वायर मला साधारण १ चौरस मिलिमीटरची वाटली. तशा तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे १८.५ मिलिओहम. बॅटरीपासून पंपापर्यंत पाच मीटर धरले तर ६ अँपिअरला अर्धा व्होल्ट आणि वर थोडा. म्हणजे बारीक वायर दोषी होती, पण अर्ध्या व्होल्टपुरतीच. उरलेला दीड व्होल्ट दुसरीकडे कुठेतरी जात होता, आणि कितीही जाड वायर ओढली असती तरी त्या जागी गेलाच असता.

ती जागा ड्रायव्हरच्या दाराजवळ, गालिच्याखाली सापडली. याला कारण पूर. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांत मोटार ठेवायला जागा नाही, म्हणून आमची गाडी समा भागात नणंदेच्या सोसायटीत उभी असते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी ३७ फुटांवर गेलं, रस्त्यांवर मगरी आल्या, आणि गाडी सीटपर्यंत पाण्यात बुडाली. नंतर ती धुतली, वाळवली, ऑइल बदललं, चालू झाली म्हणून पेढे वाटले. गालिच्याखालच्या कपलरमध्ये मात्र गाळ तसाच राहिला होता. उघडला तर आत हिरवट भुकटी, आणि एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. दीड व्होल्ट गुणिले सहा अँपिअर, नऊ वॉट. झोपताना लावायच्या छोट्या दिव्याची सगळी उष्णता एका पिनेवर महिनोन्‌महिने.

पिना घासून कपलर परत जोडता आला असता. गॅरेजवाल्याचं तेच मत होतं. मी वायरचं आवरण बोटभर सोललं, तर आतलं तांबं काळं पडलेलं. आणखी बोटभर सोललं, तरी काळंच. पाणी तारांमधल्या फटींतून आतवर चढतं. अशा तांब्यावर नवी पिन दाबली तरी पकड बसत नाही. पंपाची वायर नवीच ओढायची ठरली.

वायर घ्यायला रावपुऱ्याच्या बाजूला गेले. दुकानदाराने आधी घराच्या फिटिंगची दीड एमएमची वायर पुढे केली. "आ चालशे." करंटच्या हिशेबाने चाललीही असती. पण साध्या पीव्हीसीच्या घरगुती वायरला ७० अंशांची मर्यादा असते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात बॉनेटखाली तेवढं तापमान सहज होतं. शिवाय पेट्रोल-ऑइल लागलं की साधं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. भिंतीतली वायर आयुष्यभर एका जागी पडून असते. गाडीतली रोज हादरे खाते.

दुसरी आली पारदर्शक, लालकाळी, बोटाएवढी जाड, स्वस्त. गाडीत स्पीकर बसवणारे ती वापरतात. ब्लेड मागितलं आणि एक तार खरवडली, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वर जोडाजवळ लवकर तुटतं. आणि जाडी म्हणाल तर निम्मी प्लास्टिकची. वायर बाहेरून मापायची नसते, आतल्या तारा मोजायच्या असतात.

ऑटो वायरवर तसं मापच छापलेलं असतं: १४/०.३०, २८/०.३०, ४४/०.३०. पहिला आकडा तारांचा, दुसरा प्रत्येक तारेच्या व्यासाचा. ०.३० मिलिमीटर व्यासाच्या तारेचं क्षेत्रफळ भरतं ०.०७ चौरस मिलिमीटर. म्हणजे चौदा तारांची वायर १ चौरस मिलिमीटर, अठ्ठावीसची २, चव्वेचाळीसची ३ ला थोडी वर. सहा अँपिअर आणि पाच मीटरला अनुक्रमे साधारण ०.५५, ०.२८ आणि ०.१८ व्होल्ट जातात. मी ४४ ची घेतली. त्याहून जाड घेऊन आणखी पाचसात शतांश व्होल्ट वाचले असते, पण ती दाराच्या उंबऱ्याखालच्या खाचेत बसली नसती. सयाजीरावांनी १८९० साली ज्या गावात कलाभवन काढून कारागिरांना शास्त्र शिकवायची सोय केली, त्या गावात आज वायर "जाडी आपो" म्हणून विकत घेतात, याची मला गंमत वाटते. दुकानदाराला वाटली नाही. माझं तारा मोजणं संपेपर्यंत त्याने आणखी दोन गिऱ्हाइकं उरकली.

बसवायला भाचा आणि गॅरेजवाला दोघे होते. इथे एका मुद्द्यावर वाद झाला. गॅरेजवाल्याचा आग्रह, "डायरेक्ट करी दउं?" म्हणजे पंपाची वायर सरळ चावीच्या स्विचवर. सोपं, स्वस्त, आणि आपल्याकडे अर्धी दुरुस्ती याच नावाने चालते. मी साफ नाही म्हटलं. चावी फिरवल्यावर पंप दोनतीन सेकंद चालून थांबतो आणि इंजिन फिरू लागलं तरच पुन्हा सुरू होतो, ही व्यवस्था कंपनीने उगाच केलेली नसते. गाडी धडकली, इंजिन बंद पडलं, पेट्रोलची नळी तुटली, तर पंपाने आपोआप थांबायला हवं. डायरेक्ट केलेला पंप चावी काढेपर्यंत पेट्रोल ओतत राहतो. दांडिया बाजारात अग्निशमन केंद्र आहे म्हणून आम्ही इतके निर्धास्त होऊ नये.

उपाय असा की जुनी वायर फेकायची नाही, तिला फक्त निरोप्याचं काम द्यायचं. नवा रिले घेतला. जुन्या वायरने पंपाऐवजी रिलेची कॉइल चालवायची: रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेवर ती, ८५ ला अर्थ. कॉइलला अँपिअरचा छोटासा हिस्सा पुरतो. तेवढ्या करंटला जुन्या वायरमधला रोध आडवा येत नाही, फक्त वितळलेला कपलर काढून ती नीट जोडून घेतली. ३० वर बॅटरीकडून आलेली नवी जाड वायर, ८७ वरून पंपाला. इंजिनचा कंपनीने दिलेला इलेक्ट्रॉनिक मेंदू सांगेल तेव्हा पंप चालणार, सांगेल तेव्हा थांबणार, पण करंट नव्या रस्त्याने. गॅरेजवाल्याला हे पटलं, कारण हॉर्न आणि हॅलोजनला तो असाच रिले लावतो. पंपालाही लावता येतो, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं इतकंच.

बॅटरीचा मायनस आधी काढला. नव्या वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज. तो मागे पंपाजवळ लावला तर काही उपयोग नाही; पाच मीटर वायर कुठेही घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवायचं आहे. फ्यूज पंपासाठी नसतो, वायरसाठी असतो. पत्र्यातून आत जाताना रबरी ग्रॉमेट, पुढे कोरुगेटेड पाइप. गाडीच्या पोटाखालून नेणं सोपं पडलं असतं, पण तिथे सायलेन्सर तापतो आणि पावसात पहिलं पाणी तिथेच लागतं. म्हणून आतून, दाराच्या उंबऱ्याखालून. गालिच्याच्या पातळीला या वेळी एकही जोड ठेवला नाही.

जोडांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. गॅरेजवाल्याला काम लवकर उरकायचं होतं, भाच्याला डाग द्यायचा होता. मी दोघांना थांबवलं. डाग दिला की शिसं-कथील वायरमध्ये वर चढतं, तो भाग काडीसारखा कडक होतो, आणि हादऱ्याने नेमका जिथे कडकपणा संपतो तिथे तुटतो. चांगल्या प्लायरने दाबलेली थिंबल बरी. प्रत्येक थिंबल दाबल्यावर जोर लावून ओढून पाहायची. एक भाच्याच्या हातात आली. ती पुन्हा केली. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह.

अर्थिंगसाठी तेवढ्याच जाडीची काळी वायर, टाकीजवळ बॉडीच्या जाड पत्र्यावर. तिथला रंग पॉलिशपेपरने खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. पुढे बॅटरीचा मायनस बॉडीला जिथे टेकतो तो जोडही तसाच साफ केला.

इंजिन चालू करून पुन्हा मीटर लावला. बॅटरीवर १३.९, पंपावर १३.४. वायर, फ्यूज, रिले, अर्थ सगळं मिळून अर्धा व्होल्ट. पावागडच्या चढावर एसी चालू ठेवून, चौघं बसून गेलो. झटका नाही. भाच्याने सगळं श्रेय जाड वायरला दिलं. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं की तीन व्होल्टपैकी वायरच्या बारीकपणाने खाल्लेला फक्त अर्धा होता, बाकी सगळं कपलर आणि अर्थिंगच्या बोल्टने.

एक गोष्ट अनपेक्षित झाली. पेट्रोलचा काटा पूर्वीपेक्षा वर दिसायला लागला. टाकीतल्या तरंगत्या सेन्सरचा अर्थही पंपाच्याच काळ्या वायरमधून जात होता, त्यामुळे पुरानंतर काटा कायम कमीच दाखवत होता. गाडी पेट्रोल जास्त खाते म्हणून ती विकायचं आमच्या घरात चाललं होतं. गिऱ्हाईकही येऊन पाहून गेलं होतं. त्याला आता नाही म्हणून कळवायचं आहे.