ज्यांना एकदाच उतरता येते

१/
इंजिनाच्या विमानाचा वैमानिक उतरताना चुकला, तर तो इंजिनाचा जोर वाढवतो, पुन्हा वर जातो आणि दुसरी फेरी घेतो. हँग ग्लायडर किंवा पॅराग्लायडर घेऊन खाली येणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्याजवळ असते ती फक्त उंची, आणि ती एकदा खर्च झाली की परत मिळत नाही. हे दोघे एकाच लहान विमानतळावर उतरू लागले तेव्हा कोणते नियम झाले आणि ते कुठे अपुरे पडले, त्याची ही कथा. (थ्रेड)

२/
सुरुवात जर्मनीतली. १८९१ पासून ओटो लिलिएन्थाल स्वतः बांधलेल्या पंखांना लटकून टेकड्यांवरून झेपा घेऊ लागले. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे येथे १८९४ मध्ये त्यांनी १५ मीटर उंचीची शंकूच्या आकाराची टेकडीच रचून घेतली, म्हणजे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला सामोरे जाऊन उडता यावे. सुमारे २,००० झेपा त्यांच्या नावावर आहेत. शरीराचा भार इकडेतिकडे झुकवणे, हेच त्यांचे सुकाणू.

३/
९ ऑगस्ट १८९६ रोजी श्ट्योलन गावाजवळच्या गोलेनबेर्ग टेकडीवरून उडताना पंखाचे नाक एकाएकी वर उचलले गेले, वेग संपला आणि पंखाची उचलच नाहीशी झाली. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. लिलिएन्थाल सुमारे १५ मीटरवरून कोसळले, त्यांचा मणका मोडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

४/
यातली विलक्षण गोष्ट अशी की हँग ग्लायडरचे आजचे सुरक्षित उतरणे हाही एक स्टॉलच आहे. पाय जमिनीला टेकण्याच्या बेतात असताना वैमानिक समोरची त्रिकोणी चौकट जोराने पुढे-वर ढकलतो. पंखाचे नाक उठते, वेग संपतो आणि माणूस पायांवर उभा राहतो. जी क्रिया १५ मीटरवर प्राण घेते, तीच जमिनीलगत प्राण राखते. फरक केवळ जागेचा आणि क्षणाचा आहे.

५/
लिलिएन्थाल यांच्या टेकडीवर दुसरे कोणी उतरत नव्हते. आकाशात गर्दी होऊ लागल्यावर ‘वाट कोणी कोणाला द्यायची’ हा प्रश्न आला. १३ ऑक्टोबर १९१९ च्या पॅरिस करारात त्याचे उत्तर लिहिले गेले. विमानाने हवाई जहाजाला आणि बलूनला वाट द्यावी, हवाई जहाजाने बलूनला द्यावी. ज्याला वळणे कठीण, त्याचा मान आधी. शिडाच्या नौकेला वाफेच्या नौकेने वाट देण्याच्या दर्यावर्दी रीतीचेच हे आकाशातले रूप होते.

६/
पुढे काही दशके विनाइंजिनाचे उड्डाण म्हणजे लांब, कडक पंखांचे ग्लायडर. ते विमानतळावरच राहत आणि तिथल्या शिस्तीत वाढत. चित्र बदलले ते लवचीक पंखामुळे. अमेरिकेत फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याने १९४८ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५१ मध्ये ते मिळाले. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन येथे जॉन डिकेन्सन यांनी अशा पंखाखाली नियंत्रणाची चौकट बसवली. आजच्या हँग ग्लायडरची ठेवण तीच आहे.

७/
२३ मे १९७१ रोजी कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचजवळच्या एका उतारावर हौशी उडणाऱ्यांचा मेळा भरला. तो लिलिएन्थाल यांचा १२३ वा जन्मदिवस होता. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मिसी येथे पॅराशूट घेऊन डोंगरावरून धावत झेपावणे सुरू झाले आणि पॅराग्लायडिंगचा जन्म झाला. कामशेत किंवा पाचगणीच्या आकाशात दिसणारी रंगीत छत्री याच घराण्यातली.

८/
डोंगरावरून उडणाऱ्यांना विमानतळ कशाला हवा? कारणे दोन. हँग ग्लायडर हलक्या विमानामागे दोरीने ओढून वर नेता येतो, त्यासाठी मोकळे मैदान लागते. दुसरे म्हणजे, लांब पल्ल्यावर निघालेल्याला वर नेणारी उष्ण हवा केव्हा संपेल, याचा नेम नसतो. तेव्हा खाली तारा, झाडे, कुंपणे यांच्यामध्ये एक सपाट पट्टा दिसतो आणि त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडत असते. थकलेल्याला याहून मोठे आमंत्रण नाही.

९/
त्याच पट्ट्यावर एखादे चार आसनी सेसनाही उतरत असते. धावपट्टीकडे येताना त्याचा वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर असतो, तर पॅराग्लायडरचा ३५ ते ४०. सेसना धावपट्टीला समांतर आल्यापासून साधारण दोन मिनिटांत जमिनीवर येते. पॅराग्लायडर सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येतो, म्हणजे ३०० मीटर उंची उतरायला त्याला जवळजवळ पाच मिनिटे लागतात. एकाच अंगणात दोन वेगळी घड्याळे चालू असतात.

१०/
दोघांच्या नजरेलाही पडदे आहेत. पंख वर असलेल्या विमानातून वरचे नीट दिसत नाही, पंख खाली असलेल्या विमानातून खालचे दिसत नाही. हँग ग्लायडरचा वैमानिक पंखाखाली पालथा लटकलेला असतो. त्याच्या डोक्यावर कापडाचे छप्परच असते. विमान वरून आणि मागून उतरत आले, तर दोघेही निर्दोष असूनही एकमेकांना अदृश्य राहू शकतात.

११/
मग कायदा कोणाच्या बाजूचा? अमेरिकेत १९८२ मध्ये हलक्या उड्डाणसाधनांसाठी ‘भाग १०३’ ही नियमावली आली. एकच माणूस, केवळ करमणुकीसाठी, आणि इंजिन नसेल तर वजन १५५ पौंडांहून कमी, अशा साधनाला कायद्याने विमान म्हटले नाही, ‘वाहन’ म्हटले. आणि या वाहनाने सर्व विमानांना वाट द्यावी, असे ठरवले.

१२/
विसंगती अशी की कडक पंखाच्या ग्लायडरला विमानाचा दर्जा असल्यामुळे इंजिनाचे विमान वाट देते. हँग ग्लायडरलाही इंजिन नाही, पण वाट त्यानेच द्यायची. १९१९ चे तत्त्व येथे उलटले. अर्थात याला दुसरी बाजू आहे. या साधनाला नोंदणीची सक्ती नाही आणि चालकाला परवान्याचीही नाही. अग्रक्रम गेला, तो बंधने नसण्याच्या मोबदल्यात गेला.

१३/
नियंत्रण मनोरा असलेल्या विमानतळाच्या नियंत्रित हद्दीत अशा वाहनाला आधी अनुमती घ्यावी लागते. मनोरा नसलेल्या ठिकाणी सारा भार परस्परांच्या नजरेवर असतो. तिथे विमाने सहसा १,००० फुटांवरून, डावीकडे वळत, धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घेतात. हलक्या साधनांनी विमानांच्या फेरीहून निदान ५०० फूट खाली राहावे, अशी सूचना आहे. पण विनाइंजिनाचा माणूस वरूनच येतो. कुठेतरी त्याला ती पातळी ओलांडावीच लागते. धोक्याची जागा हीच.

१४/
‘मग रेडिओवर बोलावे’ हे उत्तर सुचते, आणि ते बरोबरही आहे, पण पुरे नाही. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतल्या क्विन्सी या मनोरा नसलेल्या विमानतळावर एक प्रवासी विमान उतरत होते. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांपैकी दुसरीवर एक किंग एअर विमान उड्डाणाच्या तयारीत होते. प्रवासी विमानाने रेडिओवर विचारले, दुसऱ्या पट्टीवरचे विमान थांबणार आहे की निघणार?

१५/
‘थांबलो आहोत’ अशा अर्थाचे उत्तर आले. पण ते किंग एअरचे नव्हते, त्याच्या मागे उभ्या असलेल्या लहान चेरोकी विमानाचे होते. त्यातले काही शब्द प्रवासी विमानातल्याच इशाऱ्याच्या आवाजात बुडाले. किंग एअर निघाले. दोन्ही विमाने छेदावर आदळली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांनी रेडिओकडे आणि आजूबाजूला पुरेसे लक्ष न देण्याकडे गेला. पण उत्तर ऐकणाऱ्यांनाही ते उत्तर कोणाचे, हे कळले नव्हते.

१६/
ती दोन्ही विमाने इंजिनाची होती, रेडिओ सुसज्ज होते, वैमानिक परवानाधारक होते. तरीही सर्वांनी दुसऱ्याचा इरादा गृहीत धरला. शब्द निश्चिंत करतात आणि निश्चिंतपणा नजर मिटवतो. पंखाखाली लटकलेल्या माणसाने, एका हाताने रेडिओचे बटण दाबून ‘मी कळवले आहे’ असे समाधान मानणे, ही तशीच निश्चिंती आहे.

१७/
म्हणून जाणते वैमानिक हक्कापेक्षा अंदाजाला महत्त्व देतात. आपण पुढच्या क्षणी कुठे असू, हे दुसऱ्याला न विचारता कळावे, हा त्यांचा नियम. उतरण्याची जागा धावपट्टीवर न ठेवता बाजूच्या गवतावर, आधीच विचारून ठरवलेली असते. जास्तीची उंची विमानांच्या फेरीपासून दूर घालवली जाते. धावपट्टीच्या टोकांसमोरची, विमानांच्या चढण्या-उतरण्याची रेषा कमी उंचीवर ओलांडली जात नाही. शेवटचा टप्पा सरळ, वाऱ्याला सामोरा आणि कंटाळवाणा असतो. कंटाळवाणेपणा हाच इथला सद्गुण.

१८/
विमान निघून गेले म्हणजे धोका गेला असे नाही. जड विमानाच्या पंखांच्या टोकांतून निघालेले भोवरे आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांखालची वावटळ मागे रेंगाळत राहते. हवेनेच फुगलेली पॅराग्लायडरची छत्री अशा झोतात मिटू शकते, आणि जमिनीजवळ मिटली तर पुन्हा उघडायला अवकाश नसतो. अंतर राखणे हे येथे सौजन्य नसून प्राणरक्षण आहे.

१९/
पाय टेकले तरी काम बाकी असते. पट्ट्यावर रेंगाळायचे नाही, साहित्य उचलून कडेला जायचे, मगच आवरायचे. पॅराग्लायडिंगमध्ये एक संकेत रूढ आहे. सुखरूप असलेला माणूस छत्री लगेच गोळा करतो. पसरून पडलेली छत्री म्हणजे ‘मदत हवी’ असा वरच्यांना इशारा. आळसाने ती पसरून ठेवणारा माणूस नकळत खोटी हाक मारत असतो.

२०/
शेवट पुन्हा श्ट्योलनला. लिलिएन्थाल कोसळले त्या टेकडीच्या पायथ्याशी आज गवती धावपट्टीचे छोटे विमानतळ आहे. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी तिथे चार इंजिनांचे इल्युशिन-६२ हे प्रवासी जेट उतरवण्यात आले. पट्टी सुमारे ९०० मीटरची होती. एरवी या विमानाला त्याहून कितीतरी लांब, पक्की धावपट्टी लागते. विमान कायमचे तिथेच ठेवायचे होते. लिलिएन्थाल यांच्या पत्नीच्या नावावरून त्याला ‘लेडी अ‍ॅग्नेस’ म्हणतात.

२१/
चाके गवताला टेकल्यावर त्या अवाढव्य विमानाची स्थितीही हँग ग्लायडरसारखीच होती. आता दुसरी फेरी नव्हती. ते निभावले, कारण जागा, वेळ आणि दिशा जमीन गाठण्याआधीच ठरलेली होती आणि पट्टी त्याच्यासाठी मोकळी होती. वाट आधी कोणाची, हे कायदा सांगतो. ज्याला एकदाच उतरता येते, त्याला मात्र तो प्रश्न उभाच राहू नये इतक्या आधी आपली वाट ठरवून ती इतरांना दाखवावी लागते.

(समाप्त)