साफा, मिशा आणि चेहरा

पोर्ट्रेट शिकायला जयपूर हे घातक गाव आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. कॅमेरा नुकताच हातात घेतलेल्या माणसाला इथे पहिल्याच सकाळी यश मिळतं. बडी चौपडच्या चौकात उभं राहायचं, केशरी साफा आणि झुपकेदार मिशा दिसल्या की लांबूनच झूम करायचं. मागे गेरूच्या रंगाची भिंत आपोआप येते. फोटो घरी पाठवला की सगळे म्हणतात, काय मस्त पोर्ट्रेट आहे! खरं तर तो साफ्याचा फोटो असतो. साफा खुंटीला टांगून काढला असता तरी फारसं बिघडलं नसतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत नोकरीनिमित्त इथे आलेली मराठी मुलंमुली असतात, एखाददुसरे निवृत्त काका असतात. सगळ्यांकडे अशा साफ्यांचा भरपूर साठा असतो, आणि शिवाय लांबच्या लेन्सचा हट्ट. उंटावरून शेळ्या हाकायची ही सवय मोडण्यातच सुरुवातीचा काळ जातो. झूम घरी ठेवा, साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स लावा, एवढंच मी सांगते. ती लावली की माणसापासून पाच-सहा फुटांवर जावंच लागतं. त्याहून फार जवळ गेलात तर नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोंत हा घोटाळा रोज होतो. पाच-सहा फूट हे बोलायचं अंतर आहे. तिथे उभं राहून राम राम न करता फोटो काढणं कोणालाच बरं वाटत नाही. मला तेच हवं असतं.

अंतर जमलं की उजेड. आणि उजेडाच्या बाबतीत मात्र हे गाव शिकणाऱ्यावर मेहेरबान आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या शहराचे मुख्य रस्ते सरळ रेषेत आहेत. त्रिपोलिया बाजार पूर्व-पश्चिम जातो. राजवाडा त्याच्या उत्तर अंगाला, म्हणून समोरच्या रांगेतली दुकानं उत्तरेकडे तोंड करून बसलेली. चित्रकार स्टुडिओसाठी जो उत्तरेचा उजेड शोधत फिरतात, तो इथे कुकर-कढया विकणाऱ्या दुकानदाराला फुकट मिळतो. उन्हाळ्यातली सकाळ आणि संध्याकाळ सोडली, तर या रांगेवर थेट ऊन येत नाही. त्यात दुकानांपुढे बरामदे. वर छत, मागे अंधारं दुकान आणि उजेड फक्त रस्त्याच्या बाजूने. माणसाला बरामद्याच्या कडेला बसवा आणि हळूहळू मान वळवायला सांगा. पूर्ण रस्त्याकडे पाहिलं की चेहरा सपाट, अर्धा वळला की गालाला हाड येतं, आणखी वळला की एक डोळा अंधारात जातो. भरदुपारी चौकात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या का दिसतात, हे त्यानंतर वेगळं समजावावं लागत नाही.

एक गोम आहे. समोरच्या भिंतींवर दिवसभर ऊन असतं आणि त्या आपला गुलाबी रंग या बरामद्यांत फेकतात. पांढरं धोतर गुलाबी होतं, गोरा माणूस ताप आल्यासारखा दिसतो, आणि कॅमेरा आपल्या अकलेने ते सुधारायला गेला की चेहऱ्यावर प्रेतकळा येते. आधी पांढरा कागद चेहऱ्याजवळ धरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. मी स्वतः थोडा गुलाबी राहू देते. जयपुरातल्या माणसावर जयपूरचा रंग पडणारच.

हा रंग शहराला लागला १८७६ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून. तेव्हा गादीवर होते महाराजा सवाई रामसिंह दुसरे, आणि गंमत म्हणजे ते स्वतःच पक्के फोटोग्राफर होते. १८६० च्या दशकात टी. मरे नावाचा इंग्रज छायाचित्रकार जयपुरात होता, त्याच्या सहवासात महाराजांनी ही विद्या उचलली. राजवाड्यात तस्वीरखाना होता. सिटी पॅलेसच्या संग्रहालयात त्यांच्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह मोठ्या संख्येने जपलेल्या आहेत. त्यांनी स्वतःचेही फोटो काढले, शिवभक्ताच्या वेषातले सुद्धा. पण खरी नवलाई त्यांनी जनान्यातल्या स्त्रियांचे फोटो काढले ही. ज्यांचा चेहरा बाहेरच्या पुरुषाने पाहू नये असा दंडक, त्या बायका एकेकट्या खुर्चीवर बसून सरळ लेन्सकडे पाहत आहेत. मागे रंगवलेला इंग्रजी थाटाचा पडदा, बाजूला टेबल, खाली गालिचा. हे सामान मला कधीच पटलं नाही. ते उसनं वाटतं. चेहरे मात्र कुणाचेही उसने नाहीत.

हे कसं साधलं असेल याचा विचार करताना मला त्या रसायनाचं कौतुक वाटतं. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, आणि ओली आहे तोवर फोटो काढून धुवायचीसुद्धा. हातात मोजकी मिनिटं, जयपूरच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. समोरच्याने कित्येक सेकंद हलायचं नाही. हसू तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून कुणी हसत नाही. आणि ती काच निळा उजेड तेवढा ओळखते. लाल, केशरी तिला जवळजवळ दिसतच नाही. लाल ओढणी काळी उतरते, केशरी साफाही काळा. म्हणजे ज्या रंगांवर आज आपण सगळे भाळतो, ते या राजाला कधी मिळालेच नाहीत. त्याच्याकडे उरला चेहरा, हात आणि बसण्याची ढब. म्हणूनच मी नवशिक्यांना सुरुवातीचे काही महिने कॅमेरा कृष्णधवलवर ठेवायला लावते. साफे गळून पडतात आणि आपण माणसाकडे पाहिलंच नव्हतं हे त्यांना आपोआप कळतं. मराठी वाचकाला छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचे (१९५०–२०११) ‘चेहरे’ आठवत असतील. तिथेही कित्येक चित्रांत मागे नुसता अंधार आहे. लक्ष विचलित करायला दुसरं काही ठेवलेलंच नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते सांगते. त्रिपोलियातून आत शिरलं की मणिहारों का रास्ता लागतो, लाखेच्या बांगड्यांची गल्ली. तिथल्या एका ओट्यावर ओळखीच्या चाची बसतात. समोर कोळशाची शेगडी. लाखेचा गोळा तापून मऊ झाला की त्या तो लाकडी ठोकळ्याने लोटत लोटत बारीक लांब करतात, त्यावर रंगाची लाख चढवतात, कापून गोल वळवतात आणि टोकं जोडून निमुळत्या दांड्यावर सरकवून माप बसवतात. गल्ली अरुंद, उजेड फक्त वरच्या आकाशाच्या पट्टीतून येतो. त्यामुळे खाली मान घालून काम करणाऱ्या माणसाचे डोळे कायम सावलीत. त्यांच्या मांडीवर पांढरा पंचा पसरला की हनुवटीखाली थोडा उजेड चढतो. तरी डोळे मिळत नाहीत. ते मिळतात एकाच वेळी: सांधा नीट बसला की नाही हे बघायला चाची बांगडी उचलून आकाशाकडे धरतात तेव्हा. चेहरा वर येतो, कपाळावरची आठी सुटते, दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो. तेवढ्यात जवळच्या डोळ्यावर फोकस हवा. चेहरा तिरका असला तर एफ १.८ वर दुसरा डोळा धूसर होतो. मी ४ वर ठेवते. पण हा क्षण येणार आहे हे माहीत असायला आधी तिथे नुसतं बसून दहा-वीस बांगड्या होताना पाहाव्या लागतात. नवशिक्यांना नेमकं हेच जड जातं. येताच कॅमेरा डोळ्याला लावतात, आणि चाची पदराने तोंड झाकून हसत बसतात.

बाजारातल्या पुरुषांची अडचण उलटी. पर्यटकांनी त्यांना तयार करून ठेवलं आहे. कॅमेरा दिसला की छाती पुढे, मिशीला पीळ. ती पोझ नाकारू नये. मान द्यावा, काढावी, स्क्रीनवर दाखवावी. मग धंद्याची चौकशी करावी. माणूस भाव सांगू लागला की मिशी विसरतो. हवामहलसमोर वेष करून बसलेले पैसे मागतात, त्यांना पैसे द्यावेत. तो त्यांचा रोजगार आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही. आणि कुणी नाही म्हटलं तर नाही. घुंघटातल्या बाईचा लांबून चोरून काढलेला फोटो माझ्याकडे कुणी आणला, तर मी त्याच्या उजेडाबद्दल एक शब्दही बोलत नाही.

तुम्ही जयपूरला येणार असाल आणि कॅमेरा आणणार असाल, तर आधी सिटी पॅलेसमधले ते जुने फोटो सावकाश बघा. मग एकच गल्ली धरा, एकच माणूस, आणि त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मोबाइल बदलला की जातो, म्हणून कागदावर प्रिंट काढा, निदान पोस्टकार्डाएवढी. दुसऱ्यांदा जाल तेव्हा ती प्रिंट आधी त्यांच्या हातात द्या आणि कॅमेरा पिशवीतून नंतर काढा.