घोडागाडीच्या आडून

1906-07 चा सुमार. मुंबईत खेतवाडीला मामांच्या घरी वाढणारा दहा वर्षांचा मुलगा तबेल्यात घोडागाडीच्या आड दबा धरून बसला होता. भिंतीतल्या भोकात चिमणी अंडी उबवत होती आणि बाहेरच्या खिळ्यावर नर राखणीला होता. मुलाने छऱ्याच्या बंदुकीने तो मारला. थोड्याच वेळात खिळ्यावर दुसरा नर आला. तोही मारला, तर तिसरा हजर! सात दिवसांत आठ नर गेले. मुलाने हे सगळे लिहून ठेवले.

तो मुलगा म्हणजे पुढचे पक्षितज्ज्ञ सालिम अली.

आठ चिमण्यांचा जीव गेला याचे वाईट वाटतेच, आणि बंदूक आज कुणी मुलाच्या हाती देऊ नये. पण त्या सात दिवसांत हा पोरका मुलगा रोज त्याच भोकाकडे पाहत होता, हे विसरता येत नाही. एकदाच पाहून निघून गेला असता तर त्याला एक नर दिसला असता, एवढेच.

पुढे त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. ही कोणती चिमणी? अमिरुद्दीन तैयबजी हे त्याचे मामा स्वतः शिकारी, पण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी विषय तिथेच मिटवला नाही. चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. 1908 मध्ये तिथल्या मिलर्डसाहेबांनी चिमणी ओळखून दिली, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. पक्षी सोलून जतन करायला तो तिथेच शिकला. सालिम अलींच्या घडणीत त्या चिठ्ठीचा वाटा फार मोठा आहे.

1930 साली हाताला नोकरी नव्हती, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. पुन्हा तेच आडोशाला बसणे, या वेळी बंदुकीवाचून. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच आत राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे विणायला घेतो. हा सारा संसार त्यांनी तासन्‌तास बसून उलगडला. तबेल्यातली ती नोंदही साठेक वर्षांनी छापली गेली, आणि 1985 च्या आत्मचरित्राच्या नावात चिमणीच आली.

आता मुलांसाठी निसर्ग शिबिरे निघतात. चांगलीच गोष्ट आहे. पण शिबिराला वेळापत्रक असते, दुपारी चारला बस परत निघते. सुगरणी विणायला लागतात त्या पावसाच्या तोंडावर, नेमक्या शाळा उघडतात तेव्हा. गावाबाहेर एखाद्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला अशी घरटी लटकलेली असतील, तर मुलांना जरा लांब, आडोशाला बसवावे. आज अर्धे दिसलेले घरटे मादीला पसंत पडले की नाही, हे कळायला पुढच्या रविवारी त्यांना पुन्हा तिथेच यावे लागेल.